‘निया’ नव्हे, ‘नीना’

आमची मूळची क्री भाषा शिकवणाऱ्या बाई ऑक्टोबरात नोकरी सोडून दक्षिणेला गेल्या आणि चौथीचा क्रीचा तास डार्लीन हॅलक्रोच्या गळ्यात पडला. डार्लीन कॅनडाच्या उत्तरेतल्या आमच्याच गावची, पण वाढली विनिपेग शहरात. क्री तिला कानाला कळायची, तोंडातून फारशी निघायची नाही. मी शाळेच्या ऑफिसात बसते. ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, “पुस्तक नाही, तक्ते नाहीत. पोरांना शिकवू काय, डोंबल?”

मग तिनेच इंटरनेटवर शोधलं. शेजारच्या सस्कॅचवान प्रांतातल्या लायनेल व्हिटफर्ड नावाच्या मास्तरांनी क्रीचे धडे फुकट ठेवले होते. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू यायचा. पाठोपाठ खेळ, छापून घ्यायला कागद, सगळं तयार. शाळेतलं इंटरनेट जरा बर्फ पडला की जातं, म्हणून ती घरूनच सगळं उतरवून आणायची. पोरं तास संपला तरी जागची उठत नसत.

त्या वर्गात शेल्बी गॅरिक होती. एके दिवशी घरी जेवताना ती आजोबांना क्रीमध्ये म्हणाली, “मी शेल्बी.” ‘मी’ला ती ‘निया’ म्हणाली. आजोबांनी हातातला चमचा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते आजोबा, एझ्रा गॅरिक, शाळेत आले. उभा जन्म तळ्यावर मासेमारी केलेला माणूस. बूट झटकून ते वर्गात मागच्या बाकावर बसले आणि पूर्ण तास ऐकला. पोरं गेल्यावर त्यांनी विचारलं, “यंत्रात बोलतोय तो कोण?”

“सस्कॅचवानचे एक सर आहेत, मुशुम.” म्हाताऱ्या माणसांना आम्ही सगळेच मुशुम म्हणतो, म्हणजे आजोबा.

“ते ‘निया’ म्हणतात. म्हणोत. आपण ‘नीना’ म्हणतो. वाऱ्याला ते ‘योतिन’ म्हणतात, आपला वारा ‘नोतिन’. तुला ठाऊक नव्हतं?”

“ठाऊक होतं. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.”

“मला लहानपणी विमानात घालून लांबच्या शाळेत नेलं,” ते म्हणाले. “तिथे आमची भाषा मारून मारून तोंडातून काढली. आता शाळाच भाषा तोंडात घालतेय, आणि तीही शेजाऱ्यांची.”

आवाज त्यांनी जराही चढवला नव्हता. टोपी घालून ते निघून गेले.

डार्लीनने धडे बंद केले. क्रीच्या तासाला पोरं चित्रं रंगवू लागली. शेल्बीने एकदा विचारलं, “मिस, माझ्यामुळे बंद झालं का?” डार्लीन नाही म्हणाली, पण तिला ते लागलं असावं. त्याच दिवशी तिने ते धडे पुन्हा उघडले आणि खालची बारीक अक्षरं प्रथमच नीट वाचली. धडे घ्या, वाटा, हवे तसे बदला. मूळ कुणाचे तेवढं लिहा. परवानगीची गरज नव्हती, तरी तिने व्हिटफर्डना लिहिलं.

त्यांचं उत्तर लगेच आलं. “धड्यात माझ्या गावची बोली आहे. नदीपलीकडचे लोकही मला हसतात. तुमच्या म्हाताऱ्यांचा आवाज मिळाला तर माझा खुशाल काढून टाका. मात्र विचारायला जाल तेव्हा रीतीने तंबाखू घेऊन जा.”

ती तंबाखू घेऊन गॅरिकांकडे गेली. वडीलधाऱ्यांकडे काही मागताना तंबाखू पुढे ठेवायची ही आमची रीत; त्यांनी ती उचलली की होकार. एझ्रांनी पुडीला हात लावला नाही. तंबाखू टेबलावरच राहिली.

“माझा आवाज जाणार कुठे?”

“इंटरनेट असेल तिथे कुठेही.”

“म्हणजे टोरोंटोतला कुणीही उठेल आणि माझ्या आवाजाशी खेळेल?”

डार्लीन म्हणाली, “हो. ते माझ्या हातात नसेल.”

“नाही म्हणाली असतीस, तर चहा पाजून वाटेला लावलं असतं,” एझ्रा म्हणाले. “शब्द ने. शब्द सगळ्यांचे असतात. गोष्टी नाही द्यायच्या. त्या मी वर्गात येऊन सांगेन, रीतीप्रमाणे जमिनीवर बर्फ आहे तोवरच, आणि तुझं यंत्र बंद ठेवून.”

एवढं बोलून त्यांनी पुडी उचलली.

व्यायामशाळेच्या मागे हॉकीच्या काठ्या ठेवायच्या खोलीत त्यांचं ध्वनिमुद्रण चाले. दार सांभाळायला मी बसत असे. एझ्रा एकेक शब्द सांगत आणि डार्लीनकडून म्हणवून घेत.

“तोंडात बटाटा आहे का तुझ्या, पोरी? पुन्हा म्हण.”

ती पुन्हा म्हणे. जानेवारीत एकदा पाळण्याचा शब्द आला. तो सांगून एझ्रा थांबले. आई गेल्यापासून हा शब्द आपण उच्चारलाच नव्हता, असं म्हणाले. डार्लीनने यंत्र बंद केलं. मग ते म्हणाले, “चला, पुढचा.”

मार्चमध्ये नवे धडे इंटरनेटवर गेले, व्हिटफर्डांच्या नावाखाली गॅरिक आणि हॅलक्रो ही नावं लावून. काही दिवसांनी ऑन्टॅरियोतल्या एका शिक्षिकेने लिहिलं की धडे छान आहेत, पण आमच्याकडे काही शब्द वेगळे आहेत, बदलले तर चालेल का? डार्लीनने ते एझ्रांना वाचून दाखवलं.

“मला काय विचारते?” ते म्हणाले. “तिच्या गावात म्हातारे नाहीत का?”

मेमध्ये तळ्यावरचा बर्फ फुटला आणि एझ्रा जाळी घेऊन पाण्यावर गेले. माशांचा धडा राहिलाच होता. शेवटी एका शनिवारी डार्लीन फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांच्या बोटीत बसली. जाळ्यातून मासा वर आला की ते नाव सांगत, पाठोपाठ ती म्हणे. त्या धड्यात बोटीचं इंजिन आणि पाणपक्षी मध्ये मध्ये ओरडतात, आणि एका जागी डार्लीन चुकते, तसे एझ्रा हसतात. तिने त्यातलं काही कापलं नाही. चौथीची पोरं तोच धडा पुन्हा पुन्हा लावायला सांगतात.