फोमच्या भिंती

लोखंडाला आग लागत नाही, हे मी तीस वर्षं वेल्डिंग करून शिकलोय. त्यामुळे लोखंडाबद्दल कुणी मला शहाणपण शिकवायला लागलं की माझं डोकंच फिरतं.

घरामागे गाडीसाठी शेड उभारायची होती. बायको म्हणाली, "विटा घ्या." विटा म्हणजे गवंडी आला, आणि गवंडी म्हणजे त्याचं आज-उद्या आलं. नुसता पत्रा घ्यावा तर उन्हात आत भट्टी. मग दुकानदाराने पॅनेल दाखवलं. दोन पत्रे आणि मध्ये चार बोटं जाडीचा पांढरा फोम.

"आत एकदम गार राहतं. फक्त वेल्डिंग करू नका, स्क्रू मारा," तो म्हणाला.

मी हसलो. कालचं पोर वेल्डरला सांगतंय, वेल्डिंग करू नका!

शेड चार दिवसांत झाली. ती खरंच गार होती, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुपारच्या झोपेसाठी आपली खाट तिथे नेली. माझ्याआधी तेही वेल्डरच. उजेड नको म्हणून शटर ओढून आतून कडी लावायचे.

त्या दिवशी जेवणाआधी मागच्या भिंतीला बाहेरून शिडी टांगायला अँगल लावायचा होता. स्क्रूचा डबा सापडेना आणि वेल्डिंगचं मशीन हाताशी होतं. दोन्हीकडून पत्राच तर आहे, म्हटलं, आणि चार टाके मारून जेवायला बसलो.

दुसरा घास घेतला तोच बायको म्हणाली, "प्लास्टिक जळतंय का कुठे?"

"शेजारी कचरा पेटवला असेल."

ती खिडकीशी गेली आणि किंचाळली, "अहो, आपल्या शेडमधून धूर येतोय!"

आबा आत होते.

पळत गेलो. भिंतीला हात लावला तर चटका बसला. पॅनेलच्या सांध्यांतून काळा धूर येत होता. शटर बडवलं, हाका मारल्या, आतून हूं की चूं नाही. कडी मीच केलेली, भक्कम. पत्रा कापायला ग्राइंडर उचलला आणि तसाच खाली टाकला, आणखी ठिणग्या उडाल्या तर? मग पहार घातली. ती दोनदा निसटली. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. आबा गेले आणि मी मारले, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तिसऱ्यांदा कडी तुटली. धुराखालून रांगत गेलो. आबा खाटेवर तोंडावर पंचा घेऊन पडले होते. काखेत हात घालून त्यांना ओढत बाहेर आणलं, तोवर मागची भिंत भडकली होती.

बायको फोनवर अग्निशमन दलाला पत्ता सांगत होती. आबा अंगणात बसून खोकत होते, नाकपुड्या काळ्या झालेल्या. मला रडू आवरेना, आणि त्यातच रागही आला.

"झोप एवढी लागली होती? धूर कळला नाही तुम्हाला?"

"कळला की," आबा दम घेत म्हणाले. "जाग आली होती मला. म्हटलं, पोरगं बाहेर काम करतंय, मग भ्यायचं कशाला? पंचा ओढला तोंडावर आणि परत झोपलो."