घटपर्णी बाहेरच राहतील

माझ्या घटपर्णींबद्दल मी कोणाचं ऐकून घेत नाही. अमेरिकेत, अल्फारेटातल्या आमच्या घरामागे, लाकडी डेकवर, त्या बारा महिने उघड्यावर असतात. जुलैत डेकवर अनवाणी पाय ठेववत नाही, तेव्हा त्या परातीभर पावसाच्या पाण्यात उभ्या राहून माश्या न् गांधीलमाश्या गिळत असतात. खत घातलं की मरतात, नळाचं पाणी घातलं की मरतात, आणि ही इथल्याच दलदलीतली जात असल्यामुळे, हिवाळ्यात थंडीत झोपू दिलं नाही तरी मरतात. लाड चालत नाहीत, म्हणून तर मला आवडतात.

दोन हजार सहाच्या जानेवारीत माझ्या सासूबाई, सरलाबाई, नागपूरहून आलेल्या होत्या. एका संध्याकाळी ऑफिसमधून आले, तर सगळ्या कुंड्या हॉलमध्ये, हीटरच्या जाळीपाशी मांडलेल्या! परातीत बर्फ झालेला बघून आईंचा जीव कळवळला होता. कोमट पाणी घालून झालं होतं, वर खत म्हणून पातळ ताकही. माझा नवरा सुशांत तिथेच लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याला सगळं माहीत होतं, पण आईला नाही म्हणणं त्याला कधी जमलेलं नाही.

माझं डोकंच सणकलं. कोटही न काढता मी एक कुंडी उचलली आणि मागच्या दाराकडे निघाले. ही झाडं आत ठेवली तर जगायची नाहीत, हे मी आईंना सांगितलं, पण चढ्या आवाजात.

त्या दारात आडव्या आल्या. "जिवंत झाड बर्फात टाकवतं तुला? मूल झालं असतं ना रुचा, तर कळलं असतं माया काय असते."

चार वर्षं हे मी फोनवर आडून आडून ऐकत होते. तोंडावर पहिल्यांदाच आलं. सुशांत दरवेळी त्यांना सांगायचा की ट्रीटमेंट चालू आहे, होईल. त्याची आई, त्याने बघावं, म्हणून मी गप्प बसायचे. पण आता बस्स झालं.

"आई, मूल होत नाही असं नाहीये," मी म्हटलं. "आम्हाला नकोय. मलाही नको, त्यालाही नको. लग्नाआधीच ठरलंय आमचं. आणि माया मला आहे, म्हणूनच ही बाहेर चाललीत."

आईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. खरं का रे, असं त्यांनी सुशांतला विचारलं. तो मान खाली घालून हो म्हणाला.

आता रडारड होणार, बॅगा भरल्या जाणार, असं मला वाटलं. होऊ दे, मी एक शब्द मागे घेणार नव्हते.

"चार वर्षं मी आंबा सोडलाय," आई त्याला म्हणाल्या. "तुला मूल होईपर्यंत खाणार नाही, असा देवीला नवस बोलले होते. घरात पेट्या यायच्या, मी वाससुद्धा घेत नव्हते. आणि तू मला ट्रीटमेंटच्या गोष्टी सांगत होतास."

सुशांतने लॅपटॉप मिटला.

आई स्वयंपाकघरात गेल्या. फ्रीजमधून आम्रखंडाचा डबा काढला आणि वाटीबिटी न घेता, उभ्या उभ्याच, डोळे पुसत खायला लागल्या. डबा अर्धा झाल्यावर त्यांनी सुशांतकडे वळून पाहिलं.

"बसलायस काय असा? ऊठ, तिच्या कुंड्या बाहेर ठेव."