आखणीसाठी कारागीर हवेत

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या कोपऱ्याला रक्त वाळून चिकटले आहे, आणि ते माझ्या मालकाचे नाही.

नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता! माझा मालक हर्षद, त्याचा पेणमध्ये गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. तो मला रंगाचे बोटही लागू देत नसे. यंदा त्याने माझ्यावरूनच जाहिरात टाकली, 'आखणीसाठी कारागीर हवेत.' मूर्तीचे डोळे रेखाटायचे, ती आखणी. अर्ज करणाऱ्यांचा एक ग्रुपही त्याने केला.

रोह्याकडच्या वनिताने आपण रेखाटलेल्या डोळ्यांचे फोटो पाठवले. हर्षद हरखला. "काय हात हाय पोरीचा!" मग सहज म्हणून त्याने तिचे प्रोफाइल उघडले. आदिवासी वाडीवरच्या झोपडीपुढे ती आपल्या बापासोबत, म्हणजे दामूसोबत, खेकडे धरून हसत उभी होती. हर्षदचे तोंड उतरले. त्याने मेहुण्याला लिहिले, 'वाडीवरची हाय. देवाला हात लावू देणार नाय.' घाईघाईत ते गेले नेमके ग्रुपवर. सगळ्यांनी वाचले.

दुसऱ्या दिवशी बापलेक कारखान्यात आले.

"दादा, डोळे पसंत व्हते ना? मग वाडी मधी कुठं आली?" वनिताने विचारले. कारागीर ब्रश थांबवून ऐकू लागले. हर्षदला ते झोंबले.

"चालती हो इथून!"

"पोरीला उत्तर दे," दामू म्हणाला.

हर्षदने फळी उचलून त्याच्या डोक्यात घातली. म्हातारा मूर्तींवर कोसळला. सोंडा मोडल्या, हात तुटले, पांढऱ्या शाडूवर रक्त पसरले. फळी पुन्हा उगारलेली पाहून वनिता आडवी आली. हर्षदच्या दुसऱ्या मुठीत मी होतो. त्याने माझ्यासकट तिच्या तोंडावर ठोसा हाणला, आणि लगेच आणखी एक. माझी काच फुटली. तिचा उजवा डोळा फुटला. ती किंकाळी मला अजून ऐकू येते.

दामू वाचला. हर्षद कोठडीत आहे. वनिता एका डोळ्याने पुन्हा आखणी करू लागली, असे सांगायला मला किती आवडले असते! पण ती ब्रशला हात लावत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणाला कामावर घ्याल. समोरच्याने पाठवलेले काम नीट बघा, मनात भरले तर त्याला बोलवा. पुढे बोट सरकवून तो कुठल्या वाडीचा, कुणाच्या पोटचा, हे माझ्यात शोधत बसू नका. मला जपले नाही तरी चालेल. माझी काच बाजारात नवी मिळते.