डोळ्यापर्यंतचं माप

"बटण बघ!" नवऱ्याने ओला फोटो वहिनींच्या नाकासमोर धरला. "कसं लखलखतंय! चारी भोकांतला दोरा मोजून घे. आणि तोंड? तोंड कुठंय अध्यक्षांचं?"

तोंड होतं, पण वितळलेल्या मेणबत्तीसारखं. पोट तेवढं पुढे आलेलं, आणि पोटावरचं कोटाचं मधलं बटण अगदी सुईच्या टोकासारखं स्पष्ट. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर वहिनी पोट धरधरून हसल्या असत्या. पण हा माणूस त्यांना फोटोतसुद्धा नजरेसमोर नको होता.

"तू आकडा चुकवलास," नवरा म्हणाला.

"मी नाही चुकवला. माप घेताना तो पुढे झुकला होता, फोटोच्या वेळी मागे रेलला."

"कशाला झुकेल तो?"

वहिनींनी फोटो दोरीवर चिमट्याने अडकवला आणि हात पुसले.

सगळं गिऱ्हाईक त्यांना वहिनी म्हणायचं आणि नवऱ्याला फोटोवाले. स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली, मोठ्या खिडकीची. कॅमेरा घडीचा, जुना, रुंद फिल्मचा. त्याच्या बघायच्या काचेतून सगळंच स्वच्छ दिसायचं, त्यामुळे फिल्मवर काय स्पष्ट येईल आणि काय पुसट, ते काही कळायचं नाही. त्यासाठी भिंगाभोवती आकड्यांची कडी होती. माणूस किती फुटांवर आहे तो आकडा कडीवर लावायचा, म्हणजे तेवढ्या अंतरावरचं स्पष्ट उमटतं. खिडकीच्या उजेडात जवळून फोटो घ्यायचा तर चार इंचांचीही चूक खपत नाही. म्हणून टेपचं टोक कॅमेऱ्याच्या पाठीजवळच्या स्क्रूला अडकवायचं, टेपची डबी घेऊन वहिनींनी गिऱ्हाइकापर्यंत जायचं, डोळ्याच्या कोपऱ्याशी धरायची आणि आकडा ओरडून सांगायचा. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी हेच केलं. नणंद त्यांना फूटपट्टी म्हणायची.

लोकांना वाटतं, फोटो काढणाऱ्याला माणसं कळतात. छे! त्याला कळतात ती कपडे नीट केलेली, दूर बसलेली माणसं. जवळ जावं लागतं ते टेपवालीला. दाढीत अडकलेला शिताचा कण, कानातला पिवळा मळ, शिळ्या तंबाखूची वाफ, सर्दीने सोललेल्या नाकावर थापलेली पावडर, हे सगळं वहिनींच्या वाट्याला. माणूस सहा फुटांवरून बरा असतो, दोन वितींवरून बघू नये, हे त्यांचं ठाम मत झालं होतं. श्वास रोखून जायचं, आकडा वाचायचा, परत फिरायचं. पोटापाण्याचा धंदा, नाक मुरडून कसं चालेल?

पण अध्यक्षांची गोष्ट वेगळी. पतपेढीच्या प्रत्येक समारंभाला त्यांना नवा फोटो लागे. टेप डोळ्याशी आली की ते पुढे झुकत, मानेवर ऊन ऊन श्वास सोडत, आणि त्यांचा तो जाडा, घामट हात खिडकीच्या पलीकडच्या बाजूने हळूच कमरेवर येऊन बसे. चेहरा मात्र इतका साळसूद, की बघणाऱ्याने देवघरात ठेवावा. आणि वहिनींना तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"दुपारी परत येणार आहेत," नवरा म्हणाला. "हॉलमध्ये लावायचाय फोटो. या वेळी नीट माप घे."

"त्याला मी माप धरायची नाही."

"का?"

इतकी वर्षं न बोललेलं वहिनी बोलल्या. "हात लावतो. कमरेला. दर वेळी."

नवरा चष्मा पुसत होता, तो त्याने पुसून पुरा केला. "ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"अगं, चौकट धरून उभा असतो मी. काचेतून सगळं दिसतं." मग जरा गुपित सांगितल्यासारखा आवाज उतरवून तो म्हणाला, "आणि खरं सांगू? तेवढ्याच वेळापुरता तो माणसात असतो. चेहरा कसा खुलतो! तू बाजूला झालीस की परत मडकं. म्हणून तर मी कळ लगेच दाबतो. एवढं काय मनाला लावून घेतेस? मोठं गिऱ्हाईक आहे."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. हा बिचारा कडीवरच्या आकड्यांत गुंतलेला असतो, याला काय दिसणार, असं म्हणून म्हणून त्यांनी आजवर त्याला माफ केलं होतं. आणि हा तर डोळ्यांवर कातडं ओढून नव्हे, चांगला डोळे उघडे ठेवून बघत होता. वरून त्यातून फोटो साधत होता! त्यांना शिसारी आली. अध्यक्षांची किळस परकी होती, दार लावलं की बाहेर राहायची. ही घरातली होती, हिच्या शेजारी बसून जेवायचं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "धरते."

एवढं सांगितल्यावर तरी आज तो 'हात काढा' म्हणेल, असं मनात कुठेतरी होतंच. दोनच शब्द. त्यांना जास्त नको होतं.

दुपारी अध्यक्ष आले. बरोबर त्यांची लेक होती, लग्न झालेली, बापाचा कोट झटकायला ब्रश घेऊन आलेली.

"काय वहिनी, आमच्या बटणावर जीव जडला की काय तुमचा?" अध्यक्ष खुर्चीत बसता बसता म्हणाले. नवरा दात काढून हसला.

वहिनींनी टेप अडकवली आणि डबी घेऊन पुढे गेल्या. लेक खिडकीशी उभी राहून ब्रशातले केस काढत होती. टेप डोळ्याशी आली. अध्यक्ष झुकले. श्वास आला, मग हात आला.

वहिनींनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. नवरा काचेला डोळा लावून उभा होता. बघत होता.

"पाच फूट," त्या नेहमीच्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या. "साहेब पुढे झुकलेत. त्यांचा हात माझ्या कमरेवर आहे. हात काढून मागे बसले, की पाच फूट चार इंच."

हात चटका बसल्यासारखा उडाला. लेकीचा ब्रश हवेतच राहिला.

"हे काय बोलणं झालं?" अध्यक्षांचा चेहरा काळानिळा पडला. "अहो फोटोवाले, ऐकताय ना?"

तिघंही फोटोवाल्याकडे बघायला लागली. त्याने काचेवरचा डोळा काढला, घसा खाकरला, कडीवर बोटं ठेवली.

"चार इंच नक्की ना?" त्याने बायकोला विचारलं. "की साडेचार?"

 मग लेक पुढे आली. तिने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"द्या इकडे," ती वहिनींना म्हणाली. "मी धरते."

वहिनींनी डबी तिच्या हातात दिली आणि त्या मागच्या मोरीत गेल्या. नळ सोडला. पुढच्या खोलीतून लेकीचा कोरडा आवाज आला, "बाबा, हलू नका. पाच फूट चार." मग कळ दाबल्याचा आवाज, आणि पाठोपाठ नवऱ्याचा, "वा! या वेळी अगदी स्पष्ट येणार बघा, साहेब."

वहिनींनी हात धुतले, आणि पुन्हा साबण लावला.