रिक्षातली बाई

सोलापुरात साड्यांचा सेल लागला किंवा कुणाचं पाकीट हरवलं, की रिक्षावरच्या भोंग्यातून जी बाई गोड आवाजात बोलते, ती मी. धम्मप्रिया. घरी माझा आवाज तसा नसतो. माझा नवरा यशपाल म्हणतो, "त्या रिक्षातल्या बाईला एकदा जेवायला बोलव. तुझ्यापेक्षा बरी वाटतीय." मी म्हणते, "बोलवते की. स्वयंपाक तू कर."

या मे महिन्यात जेवणं उरकली की आम्ही टीव्हीवर हिंदीत केलेली एक परदेशी मालिका बघत होतो. शेजारची सुंदरम्माही यायची. ती विड्या वळते, नवरा भिवंडीला यंत्रमागावर कामाला असतो आणि तिला सातवा महिना. हिंदी तिला अर्धंमुर्धं कळायचं, उरलेलं मी सांगायची. मालिकेत अणुभट्टी फुटते. साहेब लोक वरच्या साहेबांना 'सगळं ठीक आहे' म्हणून कळवतात, ते त्यांच्या वरच्यांना कळवतात, आणि खाली गावात माणसं दुधाच्या रांगेत उभी असतात. यशपाल खुर्चीतून अर्धा उठून शिव्या घालायचा. "आपल्याकडं असं करून दाखवा म्हणावं! लोक कॉलर धरतील."

सुंदरम्मा मात्र विचारायची, "अक्का, ते लोक विचारत का न्हाईत?"

"विश्वास आहे त्यांचा," मी सांगितलं, आणि आम्ही त्यांच्या भोळेपणाला हसलो.

तेव्हा वस्तीत नळ बंद होते, मोठी पाइपलाइन फुटली होती. निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळे आमच्या वॉर्डातून उभे असलेल्या गुरुबसप्पा अण्णांना आमची फार दया आली. त्यांचे टँकर येऊन वस्तीची सामायिक टाकी भरू लागले. प्रत्येक टँकरवर अण्णांचा हात जोडलेला फोटो. फुकट पाणी, कोण नाही म्हणेल?

त्या सकाळी टाकीचं पाणी बादलीत घेतलं, तर ॲसिडसारखा उग्र वास नाकात गेला. यशपाल बादलीपाशी आला आणि त्याचा चेहराच उतरला. आदल्या दिवशी टाकी भरून गेलेला टँकर त्यानं परवाच अक्कलकोट रोडला पाहिला होता, डाईंगच्या कारखान्यातलं रंगाचं सांडपाणी उपसताना. तेव्हा त्याच्यावर फोटो नव्हता, एवढाच फरक.

मी आधी सुंदरम्माकडं धावले. तिनं माठ भरून ठेवला होता. "ह्यातलं घोटभरही पिऊ नकोस," मी म्हटलं. "मी सांगेपर्यंत थांब. येताना विकतच्या पाण्याचा जार आणते." घरात उरलेलं जुनं पाणी तांब्याभर होतं, ते तिला दिलं.

"न्हाई पीत, अक्का. जावा तुमी." सकाळचे नऊ वाजायच्या आतच ऊन भाजत होतं.

तेवढ्यात अण्णांचा प्रचार बघणाऱ्या शिवानंदचा फोन आला. "ताई, एक बारकं रेकॉर्डिंग करायचंय. पाणी चांगलं हाय, घाबरू नका, एवढंच." पलीकडच्या गल्लीत दोन घरांत उलट्या सुरू झाल्या होत्या. मी म्हटलं, "येते." रेकॉर्डिंगला नव्हे, चार शब्द सुनावायला.

प्रचाराच्या ऑफिसात अण्णांनी बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी टँकरचं सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही ती अणुभट्टीची मालिका बघता का?"

मला वाटलं, चला, माणूस शुद्धीवर आला. "बघते की."

"मीही बघतो. फार शिकण्यासारखं आहे त्यात. भट्टी फुटली, ठीक आहे, फुटते. पण खरं नुकसान कशानं झालं? बोभाटा झाल्यानं. एकदा लोक घाबरले की राज्य हातातून जातं. त्यांचं डोकं शांत ठेवणं, हेच आपलं काम."

मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. मालिका तीच. आम्ही त्यातली रांगेतली माणसं बघत होतो आणि अण्णा खुर्चीतली. मला इतका संताप आला की चहाचा कप तसाच सरकवला. "मी बोलणार नाही. टँकर थांबवा आणि टाकी रिकामी करा."

"नका बोलू," अण्णा हसले. "जबरदस्ती थोडीच आहे? लोकशाही आहे आपल्याकडं."

मी जिंकल्यासारखी बाहेर पडले. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती. जारच्या दुकानासमोर ही रांग लागलेली. त्या रांगेत उभी असतानाच मागून आवाज आला. "नागरिक बंधू-भगिनींनो, आपल्या टाकीचं पाणी तपासलेलं आहे. निर्धास्तपणे प्या. अफवांवर विश्वास ठेवू नका."

माझाच आवाज. गेल्या उन्हाळ्यात टाकी धुऊन काढली होती, पाणी खरोखर तपासलं होतं, तेव्हा मीच बोलले होते. शिवानंदनं ते जपून ठेवलं होतं.

रांग सोडून मी रिक्षापुढं आडवी उभी राहिले. रत्नदीप चालवत होता, ओळखीचा. "बंद कर ते!"

"ताई, मघापासनं तिसरी फेरी हाय. तुमीच बोललाय की."

मी आत हात घालून पेनड्राइव्ह उपटला आणि गटारात फेकला. त्यानं कपाळाला हात लावला. "आनी दोन रिक्षा फिरत्यात. त्यांचं काय करताय?"

मग मी गल्लीगल्लीतून पळत सुटले. "पिऊ नका! पाण्यात विष आहे!" टाकीपाशी बायका घागरी भरत होत्या. त्यातली एक म्हणाली, "अवो, ती भोंग्यावरची बाई तर पी म्हनतीय."

"ती बाई मीच आहे!"

तिनं मला खालीवर न्याहाळलं. केस सुटलेले, घामानं निथळलेली, घसा फाटलेला. "व्हय का? तिचा आवाज लई गोड हाय."

बायका फिदीफिदी हसल्या. मी घसा खाकरला आणि भर रस्त्यात, जमेल तितक्या मऊ आवाजात सुरू केलं, "नागरिक बंधू-भगिनींनो, हे पाणी पिऊ नका..." नुसती घरघर निघाली. मागनं एक पुरुष ओरडला, "विरोधकांनी किती दिले गं तुला?" पलीकडच्या गल्लीतून माझाच गोड आवाज येत होता आणि त्याच्यापुढं माझं काही चालत नव्हतं. मला रडू फुटलं. एकीनं तरी घागर उपडी करावी! एकीनंही केली नाही.

तेव्हा सुंदरम्मा आठवली. तशीच पळाले.

ती भिंतीला टेकून बसली होती. विड्यांची पानं जमिनीवर पसरलेली, माठावरचं झाकण बाजूला. मला बघून तिचा चेहरा उजळला. "बरं झालं अक्का, तुमी सांगितलं. लई दम धरला हुता. तांब्यातलं कवाच संपलं."

"मी कुठं सांगितलं गं?"

"भोंग्यावर की. पयल्यांदा शिवानंदाचा मानूस येऊन बोलला, तवा न्हाई पिले. मग तुमचा आवाज आला. तवा पिले, दोन तांबे." एवढं बोलली आणि तिला भडाभडा उलटी झाली.

यशपालनं कुणाची तरी गाडी आणली. दवाखान्यात डॉक्टर देवयानी नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी तिच्या पोटावर मशीन फिरवलं, पुन्हा फिरवलं, जागा बदलून पुन्हा फिरवलं. बाळाचे ठोके फार मंद होते. "आत्ता काहीच सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. यशपालनं पाण्याच्या वासाचं सांगितलं, तेव्हा जरा चिडूनच त्यांनी सुंदरम्माला विचारलं, "अहो, पाण्याला एवढा वास होता, तरी प्यायलात कशा? कुणी सांगितलं होतं प्या म्हणून?"

मी पुढं झाले. सुंदरम्मानं सलाईन लावलेल्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं.

"कुनी न्हाई, डॉक्टर," ती म्हणाली. "तहान लागली हुती. माझी मीच पिले."

"खोटं बोलतीय ती," मला म्हणायचं होतं. "माझा आवाज ऐकून प्यायली." मी तोंड उघडलं, पण घसा पार बसला होता, शब्दच फुटेना. डॉक्टरांनी मान हलवली आणि त्या पुढच्या खाटेकडं वळल्या. मी त्यांच्या कोटाची बाही धरून ओढत राहिले.