दहावं रीळ

सत्त्याहत्तर साली पुण्याच्या सिनेमाच्या कोर्सले विदर्भातून एकच जागा होती, अन् वयाच्या अटीनं माझं ते शेवटचं वर्ष. परीक्षा म्हणजे एकच निबंध, आपण निवडलेल्या एका चित्रपटावर. मी निवडलेला चित्रपट इतवारीतल्या टॉकीजात पंधरा दिवसांत पाच वेळा पाहिला, दुपारी बाराच्या खेळाले, फुकट. माझ्या आईचा भाऊ कवडूमामा तिथं सिनेमाचं मशीन चालवे.

निबंध पाठ झाला होता. चित्रपटातली बाई घरातून निघते अन् पुढच्याच दृश्यात कोर्टात उभी. मधलं भांडण दिग्दर्शक दाखवतच नाही. त्या न दाखवण्यावर मी चार पानं लिहिली होती, अन् खरं सांगते, स्वतःवर लई खुश होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी केशव, तोही परीक्षेले बसणारा, रात्रीच्या खेळाले तोच चित्रपट पाहून आला अन् म्हणाला, "विहिरीवरचं भांडण काय जबरदस्त घेतलं आहे."

कोणती विहीर?

तशीच टॉकीजवर गेली. मामा बिडी विझवत म्हणाला, "बाराच्या खेळाले ते विहिरीचं दहावं रीळ मी लावतच नाही वं. अडीचले मिलचा भोंगा वाजते, पाळीवाले उठून जातात. त्यायचा शेवट चुकला का शिव्या मले."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तू काहून नाही इचारलं?"

राग असा आला का इचारू नका. मग त्यानं रिकाम्या टॉकीजात तेवढं रीळ लावून दाखवलं. दहा मिनिटं नुसती रडारड. मले ते अजिबात आवडलं नाही, अन् भीती दुप्पट झाली. तपासणाऱ्यानं तर पुरा चित्रपट पाहिला असणार.

"काहीही लिही," मामा म्हणाला, "पण माझं नाव नको. मालकाले कळलं तर नोकरी जाईन."

दुसऱ्या दिवशी बारा ते तीन पेपर. मी विहिरीची तारीफ लिहीत सुटली, दोन पानं, सारी खोटी.

अडीचले भोंगा वाजला. तिकडं पाळीवाले पुरा शेवट पाहून उठत असतील, असं मनात आलं. माझ्यापाशी अर्धाच तास होता.

दोन्ही पानांवर मी रेघ मारली. लिहिलं, 'विहिरीचं दृश्य काढलं तर हा चित्रपट जास्त चांगला होतो. मी तो तसा पाच वेळा पाहिला आहे.'

कोणी काढलं, ते मात्र लिहिलं नाही. खरं तर अर्धे मार्क मामाचेच होते.