लाल बटणाचे ब्याण्णव दिवस

मी दारातला डबा बोलतोय. मला तीन तोंडं आहेत. हिरवं हसणारं, पिवळं गप्प बसलेलं आणि लाल रडकं. तोंडं तीन, पण जीभ एकातही नाही. बॅटरी संपत आलीये, तेव्हा मनात साचलंय ते आजच बोलून घेतो. ऐकलंत तर बरं, नाही ऐकलंत तरी मी काय वाकडं करणार आहे तुमचं!

माझा जन्म एका लांबलचक पट्ट्यावर झाला. माझ्यासारखी शेकडो भावंडं पुढे सरकत होती. शेवटी एक मुलगी बसली होती. तिनं माझी तिन्ही बटणं दाबून पाहिली, पाठीवर चिकटपट्टी मारली आणि मला खोक्यात कोंबलं. दिवसाला हजार जणांना ती असं तपासायची. तिचा दिवस कसा गेला, हे मात्र आमच्यापैकी एकानंही तिला विचारलं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मी आलो तो बुटांच्या कारखान्यात. तिथे थोरल्या मालकांची एक रीत होती. सुटायच्या वेळी ते दारात उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "काय, कसा गेला दिवस?" कुणी "बरा" म्हणायचं, कुणी कुरकुर करायचं, कुणी तिथेच दहा मिनिटं गाऱ्हाणं सांगत बसायचं. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि ते घरी बसले. दार रिकामं झालं. लोकांना चुकल्यासारखं वाटतं, हे धाकट्या मालकांच्याही लक्षात आलं. माणूस वाईट नव्हता हो. त्यांना खरंच वाटत होतं की माणसं टिकली पाहिजेत, त्यांना कारखाना आपला वाटला पाहिजे. म्हणून त्यांनी मला आणलं.

हजेरीच्या यंत्राशेजारी मला स्क्रूनं घट्ट बसवलं. वर पाटी लावली, "आजचा दिवस कसा गेला? तुमचं प्रत्येक बटण आम्ही ऐकतो." टाळ्या वाजल्या. मीही फुशारलो. म्हटलं, चला, मालकांच्या जागी उभं राहायचं भाग्य लाभलं!

पहिले काही दिवस नुसती धमाल. कुणी कोपरानं दाबायचं, कुणी टिफिनच्या डब्यानं. कातडं कापणारा एक बेरकी गडी तिन्ही बटणं ओळीनं दाबायचा. म्हणायचा, "हे सकाळचं, हे दुपारचं, हे आत्ताचं." सगळे हसायचे. मला हसायची सोय हिरव्या तोंडापुरतीच, तरी मजा यायची.

मग मनुष्यबळ विभागाच्या मॅडमनी नियम काढला. आठवड्यात एकही लाल पडलं, तर शुक्रवारी सुटल्यावर अर्धा तास 'मनमोकळी बैठक'. हेतू चांगला. पण कारखान्याची बस ठेकेदाराची. ती कुणासाठी थांबायची नाही. बैठक संपेपर्यंत बस गेलेली असायची आणि लोक मोठ्या रस्त्यापर्यंत पाय ओढत जायचे. बैठकीत काय, तर गोल बसायचं, एकमेकांकडे चेंडू टाकायचा आणि ज्याच्याकडे येईल त्यानं आठवड्यातली एक गोष्ट सांगायची. "फक्त चांगलीच सांगायची हं!" मॅडम हसून सांगायच्या. कपाळ माझं!

आठ-पंधरा दिवसांत लोक शहाणे झाले. मुकादम सुटायच्या वेळी ओरडायचा, "हिरवं दाबा रे, हिरवं! बस चुकेल!" ज्याचं पोर तापानं फणफणलंय तोही हिरवं, ज्याला सकाळी चारचौघांत शिव्या बसल्यात तोही हिरवं. माझं हिरवं बटण झिजून गुळगुळीत झालं.

फक्त आक्का लाल दाबायची.

आक्का म्हणजे शिलाईवरची सगळ्यात जुनी बाई. बावीस वर्षं बुटांचे वरचे भाग शिवत आली होती. तिची शिवण उसवून परत आली, असं कधी झालं नाही. रोज सुटताना ती शेजारच्या हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवायची, मग माझ्याकडे यायची. बाकीचे जाता जाता थप्पड मारल्यासारखं बटण दाबायचे. ती तसं करायची नाही. लाल बटणावर अंगठा नीट टेकवायची, क्षणभर धरून ठेवायची, पाटीकडे बघायची आणि जायची. मला वाटायचं, म्हातारपणाची सवय असेल एखादी.

तिचा अंगठा दिवसेंदिवस जड होत चालला होता. आधी अचूक पडायचा, मग बटणाच्या कडेवर घसरायला लागला. पुढे पुढे ती डाव्या हातानं उजवा धरून आणायची. हे मी पाहत होतो. पाहत होतो आणि एकेक लाल मोजत होतो.

साडेतीन महिने दर शुक्रवारी बैठक झाली. शेवटी मुकादमानं माझ्याशेजारी उभं राहून पाळत ठेवली आणि आक्काला पकडलं.

"अहो आक्का, तुम्ही होय! तुमच्यामुळे सगळ्यांची बस चुकते राव."

"का दाबते ते नाही विचारलंस," आक्का म्हणाली.

"अहो, दुखतंखुपतं सगळ्यांचंच. त्यात काय विचारायचं?"

तिच्या शेजारच्या मशीनवर बसणारी बाई मागेच उभी होती. ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आक्का, पाया पडते तुझ्या. शुक्रवारी मी पोचेपर्यंत पाळणाघर बंद होतं नि माझी पोरगी एकटीच पायरीवर बसते गं."

आक्का तिच्याकडे वळली. "आधी सांगायचं की गं," एवढंच म्हणाली आणि अंगठा हिरव्यावर टेकवला.

पुढच्या आठवड्यात आमचे शंभर टक्के हिरवे झाले. कारखान्यात केक कापला. धाकट्या मालकांनी फलक लावला, "आपलं सुखी कुटुंब." सोमवारी आक्का कामावर आली नाही. बुधवारी तिचा राजीनामा आला. दोन ओळींचा, शेजारच्या कुणीतरी लिहून दिलेला.

धाकटे मालक हबकले. आक्का गेली म्हणजे शिलाईचा कणाच गेला. त्यांनी संगणकावर माझा हिशेब उघडला. सुरुवातीचे धमालीचे दिवस सोडले, तर ब्याण्णव लाल. सगळे सुटण्याच्या वेळचे, दिवसाला बरोबर एक. ते संध्याकाळी दारात जाऊन उभे राहिले आणि एकेकाला विचारू लागले, "आक्का का गेल्या?" जो तो म्हणे, "काय कल्पना नाही, साहेब. बाकी सगळं मस्त आहे." मुकादम म्हणाला, मस्त. पाळणाघरातल्या पोरीची आई म्हणाली, मस्त. इतक्या दिवसांची सवय ती, जीभसुद्धा हिरवीच दाबत होती. शेवटी पहारेकरी म्हणाला, "साहेब, इथे कोण सांगणार? लाल रोज आक्काच दाबायची. घरी जाऊन विचारा तिला."

मालकांनी मला भिंतीवरून उपटलं, पिशवीत घातलं आणि निघाले.

आक्काचं घर म्हणजे दीड खोली. तिच्या सुनेनं दार उघडलं. मालकांनी मला टेबलावर ठेवलं.

"आक्का, हे लाल तुम्हीच दाबायचात ना? रोज?"

"मीच. म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मला कसं ठाऊक असणार?"

आक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो, अंगठा लावायचे की! शेजारचं हजेरीचं यंत्र अंगठा ओळखतं. आक्का आली, आक्का गेली, सगळं कळतं त्याला. तसंच हेही ओळखत असणार. पाटीवर लिहिलं होतं ना, ऐकतो म्हणून? मला वाटलं, तुम्हाला कळतंय रोज. आज ना उद्या बोलवाल."

मालकांनी मला उलटंपालटं करून पाहिलं.

"ते शिलाईचं नवीन मशीन आल्यापासून हात थरथरायचा," ती सांगू लागली. "मग बोटं बधिर झाली. मुकादमाला एकदा बोलले, तर म्हणाला, सगळ्यांचेच हात दुखतात. तुमच्याकडे येणार होते, पण म्हटलं, बटण दाबतेय ना रोज, त्यांना माहीतच आहे. माहीत असून बोलवत नाहीत, म्हणजे म्हातारी नकोशी झाली असेल. मग कशाला तोंड वेंगाडायचं?"

सून आतून चहा घेऊन आली. आक्कानं उजव्या हातानं कप उचलायला घेतला, तो कलंडला. सून फडकं आणायला धावली. जाता जाता म्हणाली, "डॉक्टर म्हणतात नस दबलीये. महिना दोन महिन्यांपूर्वी दाखवला असता तर बरा झाला असता हात. आता सुईत दोरा ओवणं होणार नाही."

"आक्का, मला माफ करा," मालक म्हणाले. " परत या. दुसरं काम देतो, बसून करायचं. हाताचा इलाजही कारखाना करील."

लहानपणी शाळेच्या दप्तरासकट कारखान्यात येणारा त्यांचा चेहरा आक्काला आठवला असावा, कारण ती एकदम एकेरीवर आली. "नको रे बाळा. रागावले नाही मी. पण तिथे यायचं मनातून गेलं बघ. इतके दिवस रोज सांगितलं नि कुणी वळून पाहिलं नाही, असंच वाटत राहिलं ना मला. ते आता निघत नाही."

मालक उठले. निघताना त्यांनी मला पिशवीत घातलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी काढली, फलक काढला आणि मला त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात टाकलं. तेव्हापासून मी इथेच आहे. खणाच्या फटीतून कधीमधी शिलाईचा आवाज येतो. आक्काच्या जागी बसलेली नवी बाई कोण, मला माहीत नाही.

माझा काय दोष, असं स्वतःला समजावून पाहिलं. मला जीभ दिलीच नव्हती, फक्त आकडे दिले होते. पण मन काही मानत नाही. ती रोज माझ्यासमोर उभी राहायची. तिचा अंगठा घसरताना मी पाहत होतो आणि माझ्या आत फक्त एक आकडा वाढत होता.

कुणी हा खण उघडलाच, तर एक विनंती आहे. मला परत चार्ज करू नका, दुसऱ्या कुणाच्या दारातही लावू नका. आणि आक्का, तुझ्यापर्यंत हे पोचणार नाही, पण सांगतो. ब्याण्णव वेळा तू मला मनातलं सांगितलंस, आणि तू कोण आहेस हेसुद्धा मला पुढे सांगता आलं नाही.